ओयाकोदोन: कोंबडी, अंडं आणि भाताचा जपानी वाडगा घरच्या घरी

जपानी जेवण म्हटलं की आपल्याकडे आधी सुशी आठवते, फार तर रामेन. पण तिकडे कामावरून उशिरा घरी आलेला माणूस रात्री गॅसपाशी उभा राहून जे करतो, त्यात दोंबुरीचा नंबर बराच वर लागतो. खोलगट वाडग्यात गरम भात आणि त्यावर काहीतरी रसदार, एवढंच त्याचं स्वरूप. वर तळलेली कोळंबी आली की तेन्दोन, डुकराच्या मांसाचं कटलेट आलं की कात्सुदोन. यातला घरी करायला सगळ्यांत सोपा आणि साहित्य आपल्या बाजारात सहज मिळेल असा प्रकार म्हणजे ओयाकोदोन. गोडसर-खारट पाण्यात शिजलेला कांदा आणि कोंबडी, वरून अर्धवट फेटलेलं अंडं. तेल नाही, फोडणी नाही, आलं-लसूणही नाही.

तोक्योच्या निंग्योचो भागात तामाहिदे नावाचं कोंबडीच्या पदार्थांचं जुनं दुकान आहे, १७६० सालचं. हा पदार्थ १८९१ मध्ये आपल्याकडेच जन्मला असं ते सांगतात. कोंबडीचं हॉटपॉट खाऊन झाल्यावर तळाशी उरलेल्या रश्श्यात गिऱ्हाईकं अंडं घालून भाताशी खायची. तेव्हाच्या मालकांच्या बायकोने, तोकुबाईंनी, ते सरळ भातावरच घालून द्यायची कल्पना काढली. भातावर कालवण ओतून देणं प्रतिष्ठित दुकानाला शोभत नाही असा तो काळ, त्यामुळे सुरुवातीला हा पदार्थ दुकानात न वाढता फक्त बाहेर पोचवला जायचा. म्हणजे मुळात हा उरल्यासुरल्यातून निघालेला बेत आहे. त्याला फार सोवळ्यात ठेवायचं कारण नाही.

तरीही दोन ठिकाणी लक्ष द्यावंच लागतं: भात आणि अंडं. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं.

दोन माणसांसाठी साहित्य

तांदूळ २०० ग्रॅम
कोंबडीच्या तंगडीचं बिनहाडाचं मांस २०० ग्रॅम
मध्यम कांदा १
अंडी ४
दाशी १६० मिली (कृती पुढे दिली आहे)
जपानी सोया सॉस २ मोठे चमचे
मिरिन २ मोठे चमचे
साखर २ छोटे चमचे
कांद्याची पात मूठभर

मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. मापाचे चमचे असतील तर तेच वापरा. पोह्याचे चमचे घरोघरी वेगळे असतात आणि सोया सॉस दोन चमचे जास्त पडला की तो काढता येत नाही.

भात

भातापासून सुरुवात करा, कारण वेळ त्यालाच लागतो. वरचं सगळं दहा मिनिटांत होतं आणि ते भातासाठी थांबू शकत नाही. भात मात्र झाकणाखाली खुशाल थांबतो.

जपानी तांदूळ आखूड, जाड दाण्याचा असतो. शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात, पण प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. कोशिहिकारी हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला वाण १९५६ पासून लागवडीत आहे. मोठ्या शहरांत सुशीचा तांदूळ म्हणून असा तांदूळ मिळतो, पण किंमत बघून हात आखडतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना त्याची फारशी गरजही नाही, इंद्रायणी घ्या. आंबेमोहोराच्या संकरातून आलेला हा मावळातला तांदूळ मुळातच चिकटसर आहे आणि सोया सॉसचा रस छान धरून ठेवतो. खुद्द आंबेमोहोर इथे मी वापरत नाही, त्याचा वास दाशीच्या वासावर बसतो. बासमतीचंही तेच, शिवाय त्याचे मोकळे दाणे रस धरत नाहीत. सगळा रस वाडग्याच्या तळाशी जमतो आणि वरचा भात कोरडा राहतो. कोलमचाही मोकळा भात होतो, म्हणून तो नाइलाज असेल तरच.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा. पहिलं पाणी घातल्याबरोबर लगेच ओतून द्या, कारण कोरडा तांदूळ पहिलं पाणी पटकन पितो आणि त्याबरोबर पिठाचा, कोंड्याचा वासही आत जातो. नंतरच्या पाण्यांत बोटांनी हलकेच फिरवा. चोळू नका, इंद्रायणीचा दाणा मऊ असतो, कण्या होतात. पाणी जरासं गढूळ राहिलं तरी चालेल. मग अर्धा तास भिजवा, थंडीत तासभर, आणि चाळणीत निथळून घ्या.

पाण्याचं माप कोरड्या तांदळाच्या आकारमानावर धरा. जपानी तांदळाला एक वाटीस सव्वा वाटीच्या आतच पाणी लागतं. इंद्रायणीला जाड बुडाच्या पातेल्यात साधारण दीड वाटी. तांदूळ नवा असेल तर यातलं दोन-तीन चमचे कमी करा. दिवाळीनंतर बाजारात आलेला नवा इंद्रायणी जुन्या मापाने शिजवला की हमखास गिचका होतो. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर उकळी येऊ द्या, मग आच अगदी मंद करून १२ मिनिटं ठेवा, गॅस बंद करा आणि आणखी १० ते १५ मिनिटं तसंच मुरू द्या. मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. मीठ नाही, तेल-तूप नाही, कारण चव वरून येणार आहे. कुकरच लावायचा असेल तर पाणी रोजच्यापेक्षा कमी, सव्वा ते दीडपट ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

झाकण उघडल्यावर ओल्या लाकडी भातवाढीने भात तळापासून वर उलटवा. दाबायचं नाही. कापल्यासारखी भातवाढी घालायची आणि उलटायची, म्हणजे जादा वाफ निघून जाते. नाहीतर तीच वाफ पाणी होऊन खालचा थर ओला करते.

दाशी

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोम्बू ही समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी हे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचे पातळ पापुद्रे, एवढ्याच दोन वस्तू. १९०८ मध्ये तोक्यो इम्पिरियल विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन्ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते, म्हणून या दोन वस्तूंची जोडी. जपानी स्वयंपाकिणी हे रसायन कळायच्या शेकडो वर्षं आधीपासून ती जमवत आल्या आहेत.

अर्ध्या लिटर पाण्यात ५ ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजत ठेवा. त्यावरची पांढरी पूड धुऊ नका, ती चवीचाच भाग आहे. फार तर कोरड्या फडक्याने माती पुसा. मग पातेलं मंद आचेवर ठेवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले, अजून उकळी फुटलेली नाही, तेव्हा कोम्बू बाहेर काढा. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं आणि समुद्राचा उग्र वास येतो. आता पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, १० ते १५ ग्रॅम कात्सुओबुशी घाला, ते खाली बसेपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा आणि गाळा. गाळताना पिळू नका.

हे दोन्ही जिन्नस आपल्याकडे ऑनलाइन किंवा मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत मिळतात. मिळाले नाहीत तर तीन वाटा आहेत. पहिली, दाशीची तयार भुकटी. जपानी घरांतही ती सर्रास वापरतात, त्यात कमीपणा नाही. फक्त तिच्यात मीठ असतं, म्हणून सोया सॉस थोडा हात आखडून घाला. दुसरी, सुके शिताके मशरूम. तीन-चार मशरूम अर्धा लिटर गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात घाईने भिजवले तर पाण्याला तेवढी चव उतरत नाही. तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त: तंगडीतून काढलेली हाडं चिकनवाल्याकडून मागून घ्या, साध्या पाण्यात पाऊण तास मंद उकळा, वरचा फेस काढत राहा. दाशीचा धुराचा वास येणार नाही, पण वाडगा उत्तम होतो. सुक्या बोंबलाचा मोह मात्र टाळा, त्यापुढे बाकी काही टिकत नाही.

सोया सॉस आणि मिरिन

चायनीजच्या गाडीवरचा काळाकुट्ट, दाट सोया सॉस इथे चालत नाही. त्यात रंगासाठी कॅरामेल असतं आणि अंड्याचा पिवळा रंग मळकट होतो. बाटलीमागची यादी वाचा: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, एवढंच आणि आंबवून तयार केलेला, असा हवा. छोटी बाटली घेतली तरी बरेच दिवस पुरते.

मिरिन ही तांदळाची गोड दारू. खऱ्या मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणून ती आपल्याकडे सहज मिळत नाही. मिळते ती बहुतेक मिरिनसारखी चव दिलेली पाकवजा बाटली, ज्यात अल्कोहोल नावालाच असतं. तीही नसेल तर खुशाल साखर वापरा. मिरिनच्या एका मोठ्या चमच्याऐवजी एक छोटा चमचा साखर आणि दोन छोटे चमचे दाशी. चकाकी थोडी कमी येते इतकंच. गूळ नको, त्याची स्वतःची चव फार ठळक आहे.

दाशी, सोया सॉस, मिरिन आणि साखर एका भांड्यात एकत्र करून ठेवा. याला वारिशिता म्हणतात. चाखून बघितलं तर नुसतं प्यायला खारट लागायला हवं. पुढे त्यात अंडं आणि भात येणार आहे. इथेच बेताचं लागलं तर वाडगा अळणी होतो.

चिराचिरी

मांस तंगडीचंच घ्या. छातीचं मांस एवढ्या वेळात शिजतं खरं, पण मिनिटभर जास्त झालं की चोथा होतो. तंगडीचं मांस चूक पोटात घालतं. दुकानात आपल्याकडे कातडी आधीच काढलेली असते. जपानमध्ये ती ठेवतात आणि तिची चरबी रसात उतरते. मिळाली तर ठेवा. तुकडे सुरी आडवी धरून, तिरके, साधारण दोन सेंटिमीटरचे कापा. तिरक्या कापाने तुकडा पातळ आणि पसरट होतो, पटकन आणि सारखा शिजतो, रसही जास्त धरतो.

कांदा देठापासून मुळाकडे, अर्धा सेंटिमीटर जाडीचे उभे काप. बारीक चिरला तर विरघळून जातो. पात तिरकी कापा. जपानमध्ये वर मित्सुबा नावाची पानं असतात, ती इथे मिळत नाहीत. कोथिंबिरीने वाडग्याचा वासच बदलतो, म्हणून पात बरी.

अंड्याची तयारी हा खरा भाग. एका वाडग्याची दोन अंडी एका भांड्यात फोडा. काट्याने किंवा चॉपस्टिक्सने बलक मोडा, मग पांढरा भाग उचलून कापत दहा-बारा वेळा इकडून तिकडे फिरवा आणि थांबा. आम्लेटसारखं फेटायचं नाही. भांड्यात पांढरे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे दिसले पाहिजेत. शिजल्यावर पांढरा भाग घट्ट आणि पिवळा मऊ, असे दोन पोत तोंडात येतात, ते याच पट्ट्यांमुळे. एकजीव केलं की ही मजा गेली. मीठ घालू नका.

एका वेळी एकच वाडगा

ओयाकोदोनसाठी जपानमध्ये खास छोटं भांडं असतं, साधारण १६ सेंटिमीटरचं, दांडा उभा. दांडा उभा असल्यामुळे भांडं वाडग्यावर तिरकं करून सगळं एकदम भातावर घसरवता येतं. आपल्याकडे १६ ते १८ सेंटिमीटरचा, झाकण बसेल असा छोटा नॉनस्टिक पॅन चालतो. मोठ्या पॅनमध्ये रस पसरून आटतो आणि अंडं पातळ पापडी होऊन बसतं. चार माणसांचं असेल तर घरोघरी मोठ्या पॅनमध्ये एकदम करून डावाने वाटतातही, चवीला काही होत नाही. पण पहिल्यांदा करताना एकेकच करा, अंड्याचा अंदाज त्यातूनच येतो.

गॅस पेटवायच्या आधी भात वाडग्यात वाढून ठेवा, जेमतेम निम्म्याहून थोडा वर, मधे किंचित खळगा. वाडगा आधी गरम पाण्याने ऊब देऊन पुसलेला असला तर उत्तम. अंडं तयार झाल्यावर भात वाढत बसलात तर पॅनमधलं अंडं तेवढ्यात जादा शिजतं.

आता पॅनमध्ये निम्मी वारिशिता आणि निम्मा कांदा घाला, मध्यम आचेवर उकळी आणा. कांदा परतायचा नाही. आपला हात आपोआप तेलाकडे जातो, तो आवरा. दोन मिनिटांत कांदा अर्धपारदर्शक होतो. मांसाचे निम्मे तुकडे एका थरात पसरा. रस तुकड्यांच्या अर्ध्यापर्यंत यायला हवा. दोन मिनिटांनी तुकडे उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं द्या. सगळ्यांत जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस आणि तिथे एक मिनिट. रस फारच आटला असेल तर दोन चमचे दाशी घाला. फार उरला असेल तर आच वाढवून आटवा, नाहीतर अंडं त्यात तरंगत राहतं.

रस नीट खदखदत असतानाच अंडं घालायचं. थंडावलेल्या रसात ते तळाशी बसतं. दोन तृतीयांश अंडं बारीक धारेने, मधून बाहेर गोल फिरवत सगळीकडे सोडा. ढवळू नका. पॅन हलकेच पुढेमागे करा, म्हणजे कच्चं अंडं फटींत उतरतं. झाकण ठेवून ३० ते ४० सेकंद. झाकण काढलं की कडेचं अंडं फुगलेलं आणि घट्ट, मधलं ताज्या खरवसासारखं थरथरणारं दिसेल. आता उरलेलं अंडं मधल्या भागावर ओता, पात पेरा आणि झाकण लावा.

जपानी पद्धतीत इथेच गॅस बंद करतात आणि वरचं अंडं ओलसर ठेवतात. तिकडे अंडी कच्ची खायची म्हणूनच तपासून, धुऊन विकली जातात आणि वापरायची तारीखही त्याच हिशोबाने छापतात. आपल्याकडच्या खुल्या ट्रेमधल्या अंड्यांवर तसा भरवसा टाकू नये, साल्मोनेलाचा धोका असतो. म्हणून उरलेलं अंडं घातल्यावर मंद आचेवर दीड ते दोन मिनिटं झाकण ठेवा आणि वर ओली चकाकी राहिलेली नाही एवढं बघून काढा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं जेवणार असतील तर यात तडजोड नको. दोन टप्प्यांत घातल्यामुळे पूर्ण शिजलं तरी अंडं मऊच राहतं.

कडेने उलथनं फिरवा, पॅन वाडग्याच्या अगदी जवळ नेऊन तिरका करा आणि सगळं भातावर घसरवा. आकार थोडा मोडला तर पातीखाली झाकला जातो. उरलेला रस वरून घाला, पण भात पोहेल इतका नको. पॅन पुसून दुसरा वाडगा लगेच सुरू करा, त्याला सात-आठ मिनिटं पुरतात. पहिला वाडगा ज्याच्यापुढे आला त्याने थांबू नये.

खाताना कालवू नका. आपली सवय वरण-भाताची, पण इथे वरून खालपर्यंत एकेक घास घेतला की कधी अंडं जास्त, कधी रस मुरलेला भात, अशी चव बदलत राहते. चॉपस्टिक्स जमत नसतील तर चमचा घ्या. वरून शिचिमी हे जपानी तिखट मिळालं तर चिमूटभर, नाहीतर नुसती लाल मिरचीची पूड.

मांस न खाणाऱ्यांसाठी

क्योतोमध्ये किनुगासादोन नावाचा वाडगा मिळतो: तळलेल्या टोफूच्या पातळ पट्ट्या आणि कांद्याची पात, वर असंच अंडं. घरी करायला घट्ट टोफू पाणी दाबून काढून, अर्ध्या सेंटिमीटरच्या कापांत, थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी सोनेरी करा आणि कोंबडीच्या जागी घाला. शिजायची वाट बघायची नाही, दोन मिनिटं रस मुरला की अंडं. दाशी मात्र कोम्बू आणि शिताकेची हवी. कात्सुओबुशी म्हणजे मासाच, आणि बहुतेक तयार भुकट्यांतही तो असतो, पाकीट वाचून घ्या. अंडंही चालत नसेल तर हा पदार्थ सोडा. टोफू आणि मशरूम त्याच रसात शिजवून, चमचाभर पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरने रस दाटवून भातावर घाला. तो वेगळा वाडगा आहे, पण चांगला आहे.

सोबत काकडी पुरते. पातळ चकत्या, वजनाच्या दोन टक्के मीठ, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. वीस मिनिटांनी पिळून पाणी काढा, थोडे भाजलेले तीळ.

उरलेली दाशी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, पुढच्या वेळी निम्मं काम वाचतं. वारिशिता झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. अंडं घातलेला वाडगा मात्र ठेवू नका, गरम करताना अंडं रबरासारखं होतं. जेवणारा उशिरा येणार असेल तर कोंबडी-कांदा रसात शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, तो आल्यावर खदखदून उकळा आणि अंडं तेव्हाच फोडा.